फेशियल नर्व्हच्या उद्दीपनाने मानेच्या स्नायूंत उमटणारा प्रतिसाद: नोंदणीच्या पद्धतीबाबत सल्ला हवा

फिजिऑलॉजी_पीजी:
नमस्कार. एमडीच्या प्रबंधासाठी निरोगी व्यक्तींमध्ये कानाच्या पुढे फेशियल नर्व्हला (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस) विद्युत उद्दीपन देऊन स्टर्नोक्लायडोमास्टॉइड (मानेच्या बाजूचा) आणि स्प्लेनियस (मानेच्या मागचा) या स्नायूंतील प्रतिक्षिप्त क्रिया नोंदवण्याचा विचार आहे. ब्लिंक रिफ्लेक्स (पापण्या मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया) आमच्या विभागात नेहमी होतो; मानेची नोंद मात्र नवी आहे. प्राथमिक चाचणीत स्टर्नोक्लायडोमास्टॉइडवरच्या सर्फेस इलेक्ट्रोडमध्ये ४-५ मिलिसेकंदांवरच मोठी लाट येते. हीच ती क्रिया समजावी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ईएमजी_कक्ष:
नाही. ब्लिंक रिफ्लेक्सचा आर-१ (पहिला प्रतिसाद) हा ब्रेनस्टेममधून (मेंदूच्या देठातून) जाणारा छोटा मार्ग असूनही त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तेव्हा मानेपर्यंतची प्रतिक्षिप्त क्रिया ४ मिलिसेकंदांत पोहोचणे शक्य नाही. आपल्याला दिसते आहे ती बहुधा प्लॅटिस्माची थेट लाट (मेंदूपर्यंत न जाता नसेतून सरळ स्नायूत आलेली) असावी. हा पातळ स्नायू त्वचेखाली, स्टर्नोक्लायडोमास्टॉइडच्या वरूनच पसरलेला असतो आणि त्याला फेशियल नर्व्हचीच सर्व्हायकल शाखा जाते. उद्दीपन देताना पडद्याऐवजी मानेकडे पाहावे: ओठाचा कोपरा खाली ओढला जाऊन मानेच्या त्वचेवर उभ्या रेषा उमटत असतील, तर शंका उरत नाही. दुसरी कसोटी अशी, की स्टर्नोक्लायडोमास्टॉइड सैल ठेवला काय किंवा डोके विरुद्ध बाजूला वळवून ताणला (आकुंचित केला) काय, थेट लाटेत विशेष फरक पडत नाही. खरा प्रतिसाद मात्र स्नायूच्या ताणाप्रमाणे वाढतो. उद्दीपक कानामागे सरकवू नये, कारण तेथून ॲक्सेसरी नर्व्ह (स्टर्नोक्लायडोमास्टॉइडला जाणारी नस) थेट उद्दीपित होण्याचा धोका असतो.

फिजिऑलॉजी_पीजी:
आभारी आहे. मग फेशियल नर्व्ह वगळावी का? विषयाचे शीर्षक मंजूर झाले आहे.

ब्रेनस्टेम_वाचक:
वगळू नये, पण तिला एकटे ठेवू नये. कानाच्या पुढे ज्या जागी आपण उद्दीपन देता, तेथूनच ट्रायजेमिनलची (चेहऱ्याच्या संवेदनेची मुख्य नस) ऑरिक्युलोटेम्पोरल शाखा वर जाते. त्यामुळे उशिराचा प्रतिसाद मिळाला तरी तो कोणत्या नसेतून निघाला हे केवळ त्या नोंदीवरून सांगता येणार नाही. माझ्या मते इन्फ्राऑर्बिटल नर्व्हपासून (डोळ्याखालची, ट्रायजेमिनलचीच शाखा) आरंभ करावा. ती निव्वळ संवेदी असून, ताणलेल्या स्टर्नोक्लायडोमास्टॉइडमध्ये तिच्या उद्दीपनाने सुमारे १९ मिलिसेकंदांवर धन आणि ३१ वर ऋण अशी लाट दोन्ही बाजूंना मिळते. ती लहान असते, म्हणून ॲव्हरेजिंग (अनेक नोंदींची सरासरी) अपरिहार्य आहे. ती स्नायूच्या आकुंचनाची नव्हे तर क्षणिक अवरोधाची खूण मानली जाते, म्हणून रेक्टिफाय केलेली (ऋण भाग धन करून घेतलेली) नोंदही सोबत ठेवावी. मग फेशियलची नोंद त्याच यंत्रणेवर, त्याच व्यक्तीत घेऊन शेजारी मांडावी.

ईएमजी_कक्ष:
पूर्णपणे सहमत. स्प्लेनियसमधील सुमारे ५० मिलिसेकंदांचा उशिराचा प्रतिसाद वेगळ्या सत्रात घ्यावा. तो सवयीने लवकर मंदावतो, त्यामुळे उद्दीपने थोडी आणि अनियमित अंतराने द्यावीत. डोके उचलून धरल्याने मान दुखते, म्हणून मध्ये विश्रांती द्यावी. पेसमेकर असलेल्या व्यक्तींना वगळण्याची अट एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिहावी.

फिजिऑलॉजी_पीजी:
उद्या प्लॅटिस्माची खात्री करून घेते आणि इन्फ्राऑर्बिटलच्या नोंदी येथेच मांडते.