शिक्क्याआधी कागद बघा

गायक एल्व्हिस प्रेस्ली, त्याची बायको प्रिसिला आणि तान्ही मुलगी लिसा मेरी यांच्या फोटोमागे वृत्तसंस्थेचा शिक्का आहे, म्हणून प्रिंट त्याच काळातली समजायची का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, तो मागाहूनही मारता येतो. आधी कागद हातात घ्या. लिसा मेरीचा जन्म फेब्रुवारी १९६८ चा. कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत लागला तर तो रेझिन कोटेड, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेला, आणि तो सर्रास वापरात आला १९७० च्या दशकात. म्हणजे निगेटिव्ह जुनी, प्रिंट बहुधा नंतरची. असा थर नसलेला जुना फायबर कागद किंचित वळलेला असतो, कडेच्या काळ्या भागात कधीकधी चंदेरी झाक दिसते. आणखी जुन्या फोटोंसाठी एक खूण: १९४० च्या दशकातली म्हणून दाखवलेली प्रिंट अतिनील दिव्याखाली निळसर उजळली तर अजिबात घेऊ नका. अशी उजळणारी, कागद पांढराशुभ्र दाखवणारी द्रव्यं फोटोच्या कागदात नंतर आली.

मला स्वतःला मागची बाजूच जास्त आवडते. चिकटवलेली टाइप केलेली ओळ, तारीख आणि कधी पुढच्या बाजूला गायकाला ठेवून बायकोचा खांदा कापणारी संपादकाची पेन्सिलीची रेघ! अशा खुणा पुसायला कुणालाही देऊ नका.

मागच्या बाजूचा फोटो टाका, चारही कडा दिसतील असा.