पाटीवर 'उभे रहावे' की 'उभे राहावे'? तुमचं मत काय

गोदाकाठचा:
कॉलेज रोडला एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो, समोर भली मोठी पाटी, "कृपया रांगेत उभे रहावे. नंबर येईपर्यंत रांगेत रहाणे बंधनकारक." दोन ओळीत दोन चुका! राहावे, राहणे पाहिजे ना. त्याखालीच इंग्रजीत 'प्लीज स्टँड इन द क्यू', त्यात मात्र एक स्पेलिंग इकडचं तिकडं नाही. २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा स्टेटस ठेवायला सगळे पुढे, आणि काना कुठे द्यायचा ते बघायला कोणी नाही. २०२७ च्या सिंहस्थाला रामकुंडापासून त्र्यंबकपर्यंत ढिगाने पाट्या लागतील, त्या तरी नियमाने लिहा.

सिडकोवाला:
भाऊ तू तब्येत दाखवायला गेला होता का पाटी तपासायला 😀 लोक रांगेत उभे राहिले ना, झालं पाटीचं काम. निफाडला आमच्या घरी सगळे "उभा ऱ्हा" म्हणतात, त्यांना काय दंड लावणार? आणि मग अजिंक्य रहाणेला पण सांग, आडनाव बदल म्हणून.

मास्तरीणबाई:
आडनावाला हा नियम लागत नाही हो, ते ज्याचं त्याने ठरवावं. बोलायलाही कोणाची ना नाही, प्रश्न लिहिण्याचा आहे. मूळ धातू 'राह', म्हणून राहतो, राहिला, राहील. 'रहिला' असं तर कोणी लिहीत नाही, मग 'रहाणे' कुठून आलं? साहित्य महामंडळाच्या नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, १९७२ ला त्यात ४ वाढले, एकूण १८ झाले. त्यात स्पष्ट आहे की राहणे, पाहणे, वाहणे हीच रूपं वापरावीत. फक्त आज्ञा करताना 'राहा' चालतं तसं 'रहा' पण चालतं. म्हणजे पाटीवर नुसतं 'उभे रहा' असतं तर मी काही बोलले नसते.

गोदाकाठचा:
मॅडम ही सवलतच सगळ्या घोळाचं मूळ आहे. 'रहा' चालतं म्हटलं की माणूस रहावे, रहातो, रहात सगळंच रेटतो. एकच रूप ठेवायला पाहिजे होतं.

सिडकोवाला:
म्हणजे आता नियम पण चुकला, तूच एकटा बरोबर. शाब्बास!

फ्लेक्सवाला:
माझं फ्लेक्सचंच दुकान आहे म्हणून बोलतो. मॅटर गिऱ्हाईकाच्या वॉट्सॅपवरून येतं, आम्ही कॉपी पेस्ट मारतो, रात्री ११ ला कोण व्याकरण बघत बसणार. एकदा इलेक्शनला "साहेब आपल्या प्रभागातून उभे रहात आहेत" आलं, मी शहाणपणा करून 'राहत' केलं. प्रूफ पाठवल्याबरोबर त्यांच्या पोराचा फोन, काना चुकीच्या जागी पडलाय, दुरुस्त करा लगेच.

मास्तरीणबाई:
मग काय केलंत?

फ्लेक्सवाला:
केलं परत 'रहात'. पेमेंट बाकी होतं.