तोंड कोरडं पडतंय, मग चहा तोडायचा का?

गंगावेशकर: दिवसाला सात-आठ कटिंग मारणाऱ्यांनी चहा निम्म्यावर आणावा, असं माझं स्पष्ट मत. कॅफीननं लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, लाळ आटते. गप्प बसलेल्या माणसाची लाळ मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली सुटते. ती ०.१ च्या खाली गेली की दात किडीला मोकळे.

रंकाळाकाठ: आकडे बरोबर, आरोपी चुकीचा. कटिंगमध्ये कॅफीन असतं किती? जेमतेम २०-३० मिग्रॅ. त्यासोबत पाणीही पोटात जातंच, आणि रोज पिणाऱ्याचं शरीर कॅफीनला सरावलेलं असतं. चहानंतर तोंड आवळल्यासारखं होतं ते टॅनिन या चहातल्या तुरट द्रव्यामुळं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, बुळबुळीतपणा जातो, म्हणून कोरडं वाटतं. लाळ कमी झालेली नसते. दूध घातलं की त्यातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, आवळणं कमी होतं.

खरा घोळ साखरेचा. गोड घोट गेला की जिवाणू आम्ल करतात, दातावरच्या थराचा पीएच (जितका कमी, तितकं आम्ल जास्त) काही मिनिटांत ५.५ च्या खाली जातो आणि दाताचं कवच विरघळू लागतं. लाळेला तो वर आणायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसरी कटिंग आली, की संपलं!

गंगावेशकर: मग गुळाचा चहा?

रंकाळाकाठ: गुळातही मुख्यतः सुक्रोजच, भावा. कोल्हापुरी असला म्हणून जिवाणू सूट देत नाहीत.

गंगावेशकर: साखरेचं मान्य. पण बिनसाखरेची काळी कॉफीसुद्धा पीएच ५ च्या आसपास असते, तासभर घोट-घोट पिणाऱ्यांचं काय? आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळं रात्री ब्रश करून वर चहा घेणं सगळ्यात वाईट.

रंकाळाकाठ: रात्रीचं पटलं. कपही दहा मिनिटांत संपवावा, मग साध्या पाण्यानं चूळ भरावी. लगेच ब्रश नको, अर्धा तास थांबावं.

दाढदुखी: वाद घालण्यापेक्षा मोजा की. तासभर काही न खाता-पिता, सिगारेट न ओढता बसायचं, १५ मिनिटं तोंडात साचेल ती लाळ मापाच्या कपात सोडायची, खाकरायचं नाही. दीड मिलीपेक्षा कमी भरली तर चहाच्या मागं न लागता तोंड कोरडं पाडणाऱ्या गोळ्यांची यादी काढा: सर्दी-ॲलर्जीची, नैराश्यावरची अमिट्रिप्टिलीन. शुगरही तपासा. आणि मिश्री लावून वर चहाला दोष देणाऱ्यांनी या धाग्यावर बोलूच नये.