मदत हवी आहे: एक आणि दोन नंबरच्या गार्डमधली रेघ कशी मिटवायची?

मंडळी, क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) फेड, म्हणजे खाली आखूड आणि वर हळूहळू लांब होत जाणारे केस, कापताना एकाच ठिकाणी गाडं अडतंय. खाली एक नंबरचं गार्ड, म्हणजे पात्यावर बसवायचा कंगवा (३ मिमी), त्यावर दोन (६ मिमी), माथ्यावर चार (१३ मिमी). दोन आणि चारमधला सांधा तीन नंबरने (१० मिमी) छान मिटतो. पण कानाच्या बोटभर वर, एक आणि दोन जिथे भेटतात तिथे, रेघ राहतेच. फरक ३ मिमीचाच, पण इतक्या आखूड केसांत लांबी थेट दुप्पट होते आणि खालची त्वचा एकदम कमी-जास्त दिसते.

गार्डवरची मापं लिव्हर (पातं मागे-पुढे सरकवणारी बाजूची दांडी) बंद असतानाची असतात. उघडला की साधारण एक-दीड मिमी वाढतं, म्हणजे एक नंबर आणि उघडा लिव्हर हे जवळपास दीड नंबरच्या गार्डइतकंच (४.५ मिमी). मग रेघेवर यातलं काय चालवावं? लिव्हर हळूहळू बंद करत न्यायचा की सरळ दीडचं गार्ड? मनगट नेमकं कुठे बाहेर वळवायचं, हेही सांगा.

दुसरं, भोवऱ्यापाशी केस चहूबाजूंनी वळतात. गार्ड केसांच्या दिशेने गेलं की ते आडवे पडून लांब राहतात, उलट नेलं की त्वचा दिसते. तिथे एका मापाने मोठं गार्ड लावून सगळ्या दिशांनी फिरवणं पुरेल का?

केस धुऊन पूर्ण कोरडे असतात, पात्याला तेल दिलेलं असतं. काही ट्रिमरच्या चाकावर आकडे थेट मिमीत असतात, त्यामुळे उत्तरात कृपया मिमी लिहा.