फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’: पार्श्वसंगीताविना इतके भय कसे निर्माण होते?

निशाचर:
लांग यांचा १९३१ मधील ‘एम’ हा जर्मन चित्रपट नुकताच पाहिला. लहान मुलांचे खून करणाऱ्या माणसाची कथा असूनही पडद्यावर एकही खून घडत नाही, पार्श्वसंगीतही नाही. तरीही सुरुवातीपासूनच मनात धास्ती बसते. मधला तपासाचा भाग मात्र मला रेंगाळलेला वाटला. माझे काही निसटले आहे काय?

कृष्णधवल:
हा लांग यांचा पहिला बोलपट, परंतु ध्वनी हाती आला म्हणून त्यांनी तो सरसकट वापरला नाही. खुन्याला बळी पडलेल्या एल्सी या मुलीची आई तिला हाका मारत राहते आणि त्या हाकांवर आपल्याला केवळ रिकामा जिना, सुना माळा, जेवणाच्या मेजावरची कोरी थाळी, घरंगळत येऊन थांबलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा दिसतो. खुनाची कल्पना प्रेक्षकालाच करावी लागते. खुनी प्रथम भेटतो तोही बक्षिसाच्या जाहिरातीवर पडलेल्या सावलीतून. पुढे तो ग्रीग या संगीतकाराची एक धून शीळ घालून वाजवतो आणि साऱ्या शहराला न सापडलेल्या त्या माणसाला अखेर एक आंधळा फुगेवाला त्या शिळेवरूनच ओळखतो. अशा चित्रपटात पार्श्वसंगीत असते, तर ती शीळ त्यात बुडाली असती.

जुना प्रेक्षक:
तपासाचा भाग पुन्हा पाहावा, अशी विनंती आहे. धाडींमुळे धंदा बसला म्हणून गुन्हेगारही खुन्याच्या मागे लागतात, आणि त्यांची बैठक व पोलिसांची बैठक लांग अशा रीतीने आलटून पालटून दाखवतात की एकीकडे सुरू झालेला हातवारा दुसरीकडे पूर्ण होतो. शेवटी खुन्याला पकडून तळघरात त्याच्यावर खटला चालवताना गुन्हेगारच न्यायासनावर बसतात, त्याची तयारी येथेच झालेली असते. (पटकथेच्या सहलेखिका थेआ फॉन हार्बू यांनी पुढे आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी विवाह केला, हे जाता जाता.)

निशाचर:
दोघांचेही आभार. तळघरात खुन्याच्या भूमिकेतला पीटर लोरे आपल्या आतल्या सक्तीविषयी किंचाळत बोलतो, तेव्हा मला त्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला.

कृष्णधवल:
मला दया आली नाही. मात्र त्याला ठार मारण्यासाठी उसळलेल्या जमावाची भीती अधिक वाटली. खऱ्या न्यायालयाचा निकाल लांग ऐकवतच नाहीत, त्यामुळे आपल्या दोघांतला हा वाद चित्रपटाच्या आधाराने मिटणार नाही.