मदत हवी आहे: घरी केलेलं बटरस्कॉच पुडिंग रात्रीत पातळ का होतं?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुलगा, सून आणि नात येताहेत आणि या खेपेला विहीणबाईही सोबत आहेत. त्या विस्कॉन्सिनच्या, नाशिकला पहिल्यांदाच येणार. मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांनी बटरस्कॉच पुडिंग केलं होतं. पाकीट फोडून नाही, गॅसपाशी उभं राहून. आपल्याकडे बटरस्कॉच म्हटलं की पिवळं आइस्क्रीम आणि त्यातले कुरकुरीत दाणे डोळ्यांपुढे येतात. हे त्यातलं अजिबात नव्हतं. रंग दाट चहासारखा, जिभेवर आधी लोणी आणि मीठ, मग खमंगपणा आणि गोडवा सगळ्यात शेवटी. ते मला त्यांच्या पानात वाढायचं आहे. पुरणपोळी होईलच, पण परक्या गावात आपल्या घरची चव अचानक समोर आली की किती बरं वाटतं हे मी अनुभवलंय.

त्यांनी त्यांच्या आईच्या हातच्या कार्डाचा फोटो पाठवलाय. बटर अर्धी स्टिक म्हणजे ५७ ग्रॅम, ब्राउन शुगर पाऊण कप दाबून भरलेली (वजन केलं तर १६० ग्रॅमच्या आसपास), दूध अडीच कप, क्रीम अर्धा कप, कॉर्नफ्लोअर तीन टेबलस्पून, तीन अंड्यांचे बलक, अर्धा चमचा मीठ, व्हॅनिला. कृती चारच ओळींची: बटर आणि साखर शिजवा, दूध घाला, कॉर्नफ्लोअर आणि बलक घाला, घट्ट करा. ज्याला येतं त्याच्यासाठी लिहिलेलं कार्ड आहे ते.

आता अडचण. मी करून बघितलं. संध्याकाळी वाट्यांत ओतलं तेव्हा छान दाट होतं, चमच्याला जाड थर बसत होता. फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी पाहते तर पळीवाढं. बासुंदीसारखं पिता येईल असं. थंड झाल्यावर घट्ट व्हायला हवं ना? इथे उलट कसं? बलक घातल्यावर ते फुटू नयेत म्हणून मी मंद आचेवर ठेवते आणि उकळी येण्याआधी गॅस बंद करते. कॉर्नफ्लोअर ताजं आहे, नवीन पुडा फोडलाय.

दुसरं, चव. गोड होतं, पण 'ती' चव येत नाही. इथे मिळते ती ब्राउन शुगर कोरडी, खडे खडे असलेली. गूळ घालू का? दूध फाटेल अशी धास्ती वाटते.

आणि तिसरं, सासूबाई अंडं खात नाहीत, शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. तर बिनअंड्याचं कसं करायचं तेही सांगा. बटरस्कॉच इसेन्स घाला असं कृपया सुचवू नका.

मिशिगनकर:

गोदाकाठ ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या धाग्यातच आहे: "उकळी येण्याआधी गॅस बंद करते."

अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि त्याचं काम स्टार्च तोडणं. तुम्ही पुडिंग घट्ट झालं की थांबता, तेव्हा कॉर्नफ्लोअर फुललेलं असतं, पण ते एन्झाइम अजून जिवंत असतं. मग रात्रभर फ्रिजमध्ये ते गुपचूप स्टार्च कातरत बसतं आणि सकाळी पुडिंग पातळ. ते निकामी करायचं तर पुडिंगला खरी उकळी यायला हवी. दाट मिश्रणात उकळी दुधासारखी वर येत नाही, मोठे जड बुडबुडे येऊन 'फुस्स' करत फुटतात. तसे बुडबुडे आले की तिथून घड्याळ लावून एक ते दोन मिनिटं सतत ढवळत शिजवायचं.

बलक फुटतील ही भीती नुसत्या दूध-अंड्याच्या कस्टर्डला लागू आहे. तिथे ८५ अंशांच्या आसपास गेलं की गुठळ्या होतात. इथे कॉर्नफ्लोअर आहे, ते अंड्यातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून उकळलं तरी चालतं. फक्त बलकात आधी पळीभर गरम मिश्रण थोडं थोडं घालून फेटायचं आणि मग ते सगळं पातेल्यात.

अजून एक. हेच अमायलेज आपल्या लाळेतही असतं. चव बघितलेला चमचा पुन्हा पातेल्यात गेला तरी पुडिंग पातळ होऊ शकतं. उष्टा चमचा परत घालायचा नाही ही आजीची शिस्त इथे अक्षरशः लागू पडते.

गोदाकाठ:

हे कुठेच वाचलं नव्हतं! चव बघायचा चमचा मी वेगळाच ठेवते, तेव्हा बलकच असणार. उद्याच उकळून बघते. चवीचं कोणी सांगेल का?

तूपसाखर:

मी सांगते काकू. चव पहिल्या पाच मिनिटांत ठरते, दूध घालण्याआधी. बटर, ब्राउन शुगर आणि मीठ जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात एकत्र घ्या. लोखंडी कढई नको. बटर वितळलं की आधी ते ओल्या वाळूसारखं दिसेल, बटर वेगळं आणि साखर वेगळी. तिथे घाबरून दूध ओतायचं नाही. मध्यम आचेवर ढवळत राहा, दोन-तीन मिनिटांत ते एकजीव होऊन चकचकीत होतं आणि फसफसायला लागतं. मग वास बदलतो. आधी नुसता साखरेचा, मग भाजल्यासारखा आणि थोडा खारट. तिथून अजून मिनिटभर आणि मग दूध. बटरमधला दुधाचा अंश आणि साखर एकत्र तापून ही चव तयार होते. म्हणून तूप वापरू नका, त्यातून तो अंश कढवताना निघून गेलेला असतो.

दूध कोमट करून, धार लावून घाला. फुरफुरेल, हात जपा. साखर कधी कधी खाली कडक गोळा होऊन बसते. ती वाया गेलेली नसते, मंद आचेवर ढवळत राहिलात की विरघळते.

बेरी आहे का घरी? तूप कढवल्यावर तळाशी उरते ती. लालसर असली तर चमचाभर बटरबरोबर घाला आणि शेवटी पुडिंग गाळून घ्या. हे कार्डावर नाही, पण विहीणबाईंना नक्की कळेल की काहीतरी जास्तीचं आहे. मिठाचं मात्र बघा. आपलं पिवळं बटर खारवलेलं असतं, ते वापरलंत तर वरचं मीठ पाव चमच्यावर आणा.

पन्हाळा:

ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेत मळी परत मिसळलेली असते. अमेरिकेतली ओलसर असते, मुठीत दाबली की गोळा होतो. आपल्याकडे बऱ्याचदा डेमेरारा मिळते. तिचे दाणे मोठे आणि मळीचा अंश कमी, म्हणून चव फिकी वाटते आणि विरघळायलाही वेळ लागतो.

मी काकवी वापरतो. १५० ग्रॅम साधी साखर आणि दोन टेबलस्पून काकवी, हाताने चोळून घ्यायची. हुबेहूब मळीची चव नाही येत, काकवी जास्त सौम्य असते, पण डेमेरारापेक्षा कितीतरी चांगली. फक्त बाटलीवर वाचून घ्या. काकवी बसू नये म्हणून त्यात सायट्रिक ॲसिड घातलेलं असतं कधी कधी, ते दूध फाडणार. गुऱ्हाळावरून आणलेली असेल तर विचारून घ्या.

नुसत्या गुळाचं मी सुचवणार नाही. गूळ आम्लधर्मी असतो, प्रत्येक ढेपेचा कमी-जास्त, आणि उकळत्या दुधात कधी दगा देईल सांगता येत नाही. खिरीत आपण गूळ खाली उतरवून घालतो ते त्यासाठीच. पुडिंगमध्ये तर वरून दोन मिनिटं उकळायचंय. करायचंच असेल तर कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून ते आधी शिजू द्या, मग गुळाचा पाक. स्टार्च असलं की दूध सहसा फाटत नाही. चिमूटभर खायचा सोडाही मदत करतो. पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

गोदाकाठ:

काकवी आहे घरी, माझ्या भावाने गुऱ्हाळावरूनच आणलेली, त्यात काही घातलेलं नाही. आणि बेरीची कल्पना फार आवडली, आमच्याकडे ती साखर घालून खाण्यावरून अजूनही भांडणं होतात.

एक विचारायचं राहिलं. इथल्या दुधाने फरक पडेल का? आमच्याकडे फुल क्रीमची पिशवी येते.

मिशिगनकर:

फरक तुमच्या फायद्याचा आहे. इकडच्या होल मिल्कमध्ये ३.२५ टक्के फॅट असतं, तिकडच्या फुल क्रीममध्ये ६ टक्के. उलट इकडचं हेवी क्रीम ३६ टक्क्यांचं आणि तिकडे खोक्यात मिळतं ते फ्रेश क्रीम बहुतेक २५ टक्क्यांचं. अडीच कप दूध आणि अर्धा कप क्रीम असा हिशेब मांडला तर दोन्हीकडचं एकूण फॅट जवळपास सारखंच येतं. म्हणजे कार्डावरची मापं तशीच ठेवा. दूध आधी आटवू नका, जड होईल.

ठाण्याची सुगरण:

सासूबाईंसाठी: बलक वगळा आणि कॉर्नफ्लोअर तीनऐवजी चार टेबलस्पून करा, अर्धा चमचा बटर शेवटी वरून घाला म्हणजे तकाकी येते. बाकी सगळं तेच. बलक नसल्यामुळे रात्रीत पातळ व्हायचा प्रश्नच नाही, तरी उकळी येऊ द्याच, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. कस्टर्ड पावडर घालायचा मोह टाळा, तिचा व्हॅनिला आणि पिवळा रंग सगळ्यावर मात करतो. ती मुळात अंड्याला पर्याय म्हणूनच निघाली. इंग्लंडमध्ये १८३७ साली अल्फ्रेड बर्डने बायकोला अंडं सोसत नाही म्हणून तयार केली. पण इथे तिची गरज नाही.

आणि पातेलं-चमचे वेगळे ठेवायचे असतील तर बिनअंड्याचं आधी करा, मग अंड्याचं.

गोदाकाठ:

कळवायला आले. काल काकवीची साखर, चमचाभर बेरी, बलक घालून पूर्ण दोन मिनिटं उकळलं. आज सकाळी वाटी तिरकी केली तरी जागचं हललं नाही. रंग विहीणबाईंच्या पुडिंगपेक्षा जरा फिका आहे, पण चव तीच, आधी मीठ आणि मग खमंग. यजमानांनी वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. सासूबाईंचंही जमलं, त्या म्हणाल्या खरवसापेक्षा मऊ आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता शेवटचं. वर साय धरली होती, ती मला आवडते, पण नातीला चालत नाही. आणि मंडळी पहाटे विमानतळावरून येणार, तर किती आधी करून ठेवता येईल?

तूपसाखर:

गरम असतानाच वाट्यांत ओता आणि बटरचा हात लावलेला बटर पेपर थेट पुडिंगच्या पृष्ठभागाला टेकवून ठेवा, मधे हवा नको. साय धरत नाही. तुमच्या वाटीवर नका लावू. दोन दिवस आधी केलं तरी चालेल, तिसऱ्या दिवशी कडेने पाणी सुटायला लागतं. फ्रीझरमध्ये अजिबात नको आणि एकदा बसल्यावर ढवळायचं नाही, ढवळलं की पुन्हा तितकं घट्ट होत नाही. वाढायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असलं की बटरची चव दबते. वरून न गोडवलेलं फेटलेलं क्रीम, आणि मिठाचे दोन-चार कण.