निकालाच्या दिवशी तुमच्या घरी काय लागतं? टीव्ही, मोबाइल की भांडण?

मतमोजणीच्या दिवशी आमच्या घरी पोहे आठच्या आत होतात. रिमोट सासऱ्यांकडे, निवडणूक आयोगाची साइट नवऱ्याच्या मोबाइलवर. ४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाला, एकच उमेदवार एका वाहिनीवर आघाडीवर, दुसरीवर पिछाडीवर, आणि साइटवर त्याची पहिली फेरीसुद्धा नव्हती. सासरे म्हणाले, "तुमची साइट झोपलीय." मला मात्र वाटतं, झोपलेली असली तरी ती खोटं बोलत नाही.

तुम्ही निकाल कशावर बघता, कोणावर भरवसा ठेवता? जुन्या आठवणी असतील तर नक्की लिहा. फक्त पक्षाचा प्रचार नको, त्याला बाकीचं जग मोकळं आहे.

निवृत्त शिक्षक, परभणी

मी मोजणीच्या टेबलावर बसलेला माणूस आहे, तेही कागदी मतपत्रिकांच्या काळात. पेट्या रित्या करायच्या, मतपत्रिका मोजून गठ्ठे बांधायचे आणि वेगवेगळ्या केंद्रांचे गठ्ठे पिंपात घालून सरमिसळ करायची. कोणत्या गावानं कोणाला दिलं ते कळू नये म्हणून. खरी मोजणी त्यानंतर. एखादा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडलेला निघाला की दोन्हीकडचे प्रतिनिधी टेबलावर असे वाकायचे की आम्हाला कागद दिसेना.

रात्र तिथंच जायची. घरी यावं तर दूरदर्शनवर निकालांच्या मधे हिंदी सिनेमा चालू. १९८९ला शेजारपाजारचे सगळे आमच्याकडे जमले होते. निकालासाठी की सिनेमासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

यंत्रानं वेळ वाचवला, हे मान्य. पण ती सरमिसळ गेली. आता केंद्रागणिक आकडा कळतो आणि पुढारी पारावर बसून सुनावतो, "तुमच्या वाडीनं मला एवढीच दिली." मग त्या वाडीचा रस्ता राहतो. बऱ्याच यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं 'टोटलायझर' आयोगानं सुचवलं होतं, सरकारनं ते मानलं नाही. दिवसभर चालणाऱ्या चर्चांत हा विषय माझ्या तरी कानावर आलेला नाही.

मतमोजणी प्रतिनिधी, सातारा जिल्हा

गुरुजी, वाडीचं बोलला ते सोळा आणे खरं.

ताई, टीव्हीचे आकडे येत्यात कुठनं ते सांगतो. आमच्याकडनंच! आत जाळीपलीकडं बहुतेक ठिकाणी १४ टेबलं. फोन आत न्यायचा नाही. आठला टपाली मतं, साडेआठला मशीन. टेबलावरचा साहेब मशीनचा आकडा दाखवतो, आमी तो कागदावर घेतो आन् मतदानादिवशी मिळालेल्या १७-सीच्या, म्हंजे केंद्रावर किती मतं पडली त्या फॉर्माच्या, एकूण आकड्याशी ताडून बघतो. कोणतरी चहाच्या निमतानं बाहीर आला की त्याचा कागद वाहिनीवाल्याच्या हातात. बाहीर आलेला माणूस ज्या पार्टीचा, तिची आघाडी! सगळी टेबलं जुळून निर्णय अधिकाऱ्याची सही झाल्याबिगर फेरी साइटवर चढत नाय. म्हंजे साइट झोपत नाय, सहीची वाट बघती. सासऱ्यांना सांगा.

अंधेरी, मुंबई

आमचा मतदारसंघ मुंबई वायव्य, म्हणजे आता पुढचं सांगायलाच नको. त्याच लोकसभेला यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे, टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी. टीव्हीवर आधी एकाचं अभिनंदन झालं, मग दुसऱ्याचं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पेढे आणले होते, ते त्यांनी संध्याकाळी मुकाट्यानं सगळ्यांनाच वाटले. तेव्हापासून आमच्या इमारतीत "एका मतानं काय होतंय" असं कोणी म्हणत नाही. निदान मोठ्यानं तरी.

न्यू जर्सी

आमच्याकडे निकाल रात्री लागतो. २३ नोव्हेंबर २०२४ची विधानसभेची मोजणी आमच्या शुक्रवारी रात्री साडेनऊला सुरू झाली. चार-पाच घरं मिळून मिसळ आणि यूट्यूबवर मराठी वाहिन्या. मधेच ठिबक सिंचनाची जाहिरात लागली की मुलं विचारतात, हे आपण घ्यायचंय का?

गंमत म्हणजे खोलीतल्या अर्ध्यांचं नागरिकत्व बदललेलं. उरलेल्यांना भारतात जाऊन मत द्यावं लागतं आणि त्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. तरी सगळ्यात जास्त आवाज आमचाच. बायको म्हणते, ज्याच्या बोटाला शाई नाही त्यानं आवाज कमी ठेवावा. मी वाहिनीचा कमी केला.

डिश दुरुस्तीवाला, लातूर

निकालाच्या आदल्या संध्याकाळी आमची दिवाळी. सहा महिने बंद पडलेली डिश त्याच दिवशी चालू करून पाहिजे असते. "बातम्या फुकट असतात ना, मग रिचार्ज कशाला?" हे हमखास. अहो, वाहिनी फुकट असली तरी २०१९पासून नुसत्या जोडणीचे १३० रुपये अधिक कर धरले गेले, ते कोण भरणार? खरंच फुकट पाहिजे तर डीडी फ्री डिश बसवा, एकदाच खर्च. पण मग मालिकांवरून घरात वाद. त्यात मी पडत नाही.

सदाशिव पेठ, पुणे

मी आजी आहे, फार टंकता येत नाही. सह्याद्रीवर सातच्या बातम्या बघते. एक माणूस शांतपणे वाचतो, कोण जिंकलं ते कळतं. दिवसभर धाकधूक करून तेच कळणार असतं.

नाशिक

आजी, साष्टांग! त्यापेक्षा एक्झिट पोल बंद करा म्हणते मी. १ जून २०२४च्या संध्याकाळी बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं होतं, काहींनी तर चारशेपार. प्रत्यक्षात २९३. चार तारखेला तेच तज्ज्ञ, त्याच खुर्च्यांवर, असं का झालं ते समजावत होते. मी पावसाचा अंदाज चुकवला तर सासू आठवडाभर ऐकवते.

धागाकर्ती

साताऱ्याचे दादा, सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग वाहिनीवाल्यांना सहीची वाट बघायला काय होतं?" रिमोट मात्र सोडला नाही.

गुरुजी, त्यांचाच प्रश्न: शिक्का रेषेवर पडला तर मत कोणाचं?

निवृत्त शिक्षक, परभणी

खरोखरच संशय असेल तर बाद. पण बऱ्याचदा घडी घातल्यामुळे ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटलेली असायची. बाणफुलीच्या शिक्क्याचे बाण एकाच दिशेनं वळलेले असतात, त्यामुळे उमटलेला ठसा उलटा दिसतो. मूळ शिक्का ओळखून मत धरायचं. वाद घालणाऱ्या प्रतिनिधीला आम्ही कागद घडी घालून दाखवायचो.